मस्कतला गेलेल्या मचव्याची उजवी बाजू

एकतीस वर्षं मी पंपांची ड्रॉइंगं काढली. कंपनी भोसरीला आणि घर कर्वेनगरला, त्यामुळे आयुष्याचा बराचसा भाग कंपनीच्या बसमध्ये गेला. ट्रेसर म्हणून लागले आणि ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं संगणकावर काम केलं, पण घरी जुना लाकडी बोर्ड आणि टी-स्क्वेअर ठेवून दिला होता. नवऱ्याला तो बोर्ड आवडायचा नाही. ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि घरात जागा अडवणाऱ्या वस्तूंबद्दल त्यांची मतं ठाम होती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी, एका रविवारी सकाळी एक उंच गृहस्थ दारात उभे राहिले. नौदलातून निवृत्त झालेले, राहायला वारज्याला. त्यांना सगळे कप्तान म्हणत, मीही तेच म्हणू लागले. वारजे गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं शेतकरी घराणं. जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, थोरल्या भावानेच त्यातल्या बऱ्याचशा बांधल्या. कप्तान मात्र अठराव्या वर्षी समुद्रावर गेले होते आणि आता आपल्या वाट्यातून कोकणात एक मचवा बांधून घेत होते. मचवा म्हणजे मासेमारीची शिडाची मोठी होडी, जुन्या पद्धतीची, इंजिनाशिवायची. पूर्वी आपल्या किनाऱ्यावरचे मचवे हिवाळ्यातला वारा धरून थेट मस्कतपर्यंत जात, सुकी मासळी आणि नारळ नेत आणि खजूर आणत. त्याच वाटेनं, तसल्याच होडीतून कप्तानांना जायचं होतं.

"मग यात माझी बायको काय करणार?" नवऱ्यानं विचारलं.

"ड्रॉइंग," कप्तान म्हणाले. "परवानगीला ड्रॉइंग लागतं. आणि होडी बांधणारे मिस्त्री कागद वापरत नाहीत. त्यांचं सगळं डोळ्यात असतं. कुणीतरी तिथं जाऊन, होडी मोजून, तिचं ड्रॉइंग काढायला हवं."

इथल्या कॉलेजांमधून त्यांनी चौकशी केली होती. मुलं म्हणाली होती, फोटो पाठवा, आम्ही मॉडेल बनवून देतो. चिखलात गुडघ्यावर बसून फीत धरायला कुणी तयार नव्हतं. माझ्या जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं.

मी विचार करून सांगते म्हणाले. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतं. घरी बसून मला आठ महिने झाले होते आणि त्यातले सात फार लांबले होते.

*

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली की दुपारी उशिरा मी खाडीकाठच्या त्या गावी पोचायची. उंडीच्या झाडांखाली मचवा उभा होता. चाळीस-बेचाळीस फुटांचा. तळाचा जाड ओंडका बसला होता, त्याला ते लोक पठाण म्हणतात. त्यावर बरगड्यांसारखी वाकडी लाकडं उभी होती आणि निम्म्या उंचीपर्यंत फळ्या चढल्या होत्या. मी जन्मभर ओतीव लोखंडाच्या वस्तू कागदावर पाहिल्या. एवढं मोठं काहीतरी कागदाशिवाय उभं राहिलेलं बघून मला पहिल्यांदा जे वाटलं ते कौतुक नव्हतं, संशय होता.

मिस्त्री सत्तरीचे. काटक, पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी. त्यांच्या हाताखाली दोन सुतार, दोघंही चाळिशीचे. कप्तानांनी माझी ओळख करून दिली तेव्हा मिस्त्रींनी माझ्या हातातल्या नळीकडे पाहिलं. तिच्यात कागद होते.

"कागदाची होडी करणार काय बाय?"

"नाही. तुम्ही करताय तिचा कागद करणार."

ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ओळंबा लावायला शिडी स्वतः आणून दिली.

माझी राहण्याची सोय मिस्त्रींच्याच घरी होती. त्यांची बायको माझ्यासाठी वेगळं कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी करायची. आमच्या घरी मासे चालत नाहीत हे सांगितल्यावर तिला माझी दया आली असावी. "मग तुमी खाता काय?" हा प्रश्न तिनं पहिल्या तीन फेऱ्यांत तीनदा विचारला.

दर पंधरवड्याला मी दोन दिवस जायची. पठाणाच्या वर मधोमध एक दोरी ताणायची आणि तिथून दोन्ही बाजूंच्या फळ्यांपर्यंत, दर दोन फुटांवर, वेगवेगळ्या उंचीवर मापं घ्यायची. एक सुतार फितीचं टोक धरायचा आणि मी आकडे लिहायची. पुण्याला परतून जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडायची, कारण दुसरी जागा नव्हती. नवरा ताट हातात घेऊन सोफ्यावर जेवायचे.

"तुमचा मचवा केव्हा निघतोय?" ते विचारायचे.

"संक्रांतीनंतर."

"तोपर्यंत मी असाच किनाऱ्यावर बसतो."

होडीच्या ड्रॉइंगची एक रीत आहे, ती मला तेव्हा माहीत नव्हती. होडीच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात असं धरून अर्धीच होडी काढतात, मधल्या रेषेपासून एकच बाजू. मी पंपवाली. पंपाच्या दोन बाजू क्वचितच सारख्या असतात, म्हणून सवयीनं मी दोन्ही बाजू मोजल्या आणि दोन्ही काढल्या.

तिसऱ्या फेरीनंतर बोर्डावर रेषा जुळल्या तेव्हा उजवी बाजू डावीपेक्षा फुगलेली निघाली. पुढच्या निम्म्या भागात, सगळ्यात रुंद जागी, सव्वादोन इंचांनी.

"तुझं माप चुकलं असेल," नवरा म्हणाले.

मलाही तेच वाटलं. पुढच्या वेळी मी नवी फीत नेली. मिस्त्री पहाटेच्या नमाजाला गेले असताना एका सुताराला उठवलं आणि दोरी नव्यानं ताणली. दोरी मधोमधच आहे ना हे ओळंब्यानं चार ठिकाणी तपासलं. आकडे तेच आले.

मग मी मापं घ्यायचं सोडून दिवसभर मिस्त्रींना बघत बसले. फळीचं वळण तपासायला ते तिच्या टोकाशी वाकत आणि एक डोळा मिटून लांबवर नजर टाकत. डाव्या बाजूला डाव्या डोळ्यानं बघायचे आणि उजव्या बाजूला उजव्या. उजवीकडे ते जास्त वेळ वाकून राहायचे. पाहून झालं तरी पुन्हा अंगठ्यानं चाचपायचे. दुपारी चहा ओतताना किटलीची धार कपाच्या उजव्या काठावरून बशीत गेली. त्यांच्या बायकोनं कप सरकवला.

पंपात अशी चूक सापडली की मी लाल पेन्सिलीनं गोल करून कागद वरच्या साहेबांकडे पाठवायची. इथे वरचा साहेब म्हणजे कप्तान. होडी त्यांची, जीवही त्यांचाच जाणार. त्यांनाच आधी सांगायला हवं होतं, हे मला आजही वाटतं. पण मी त्यांना फोन केला नाही. संध्याकाळी सुतार घरी गेल्यावर मिस्त्रींच्या समोर कागद धरला.

"उजवी बाजू सव्वादोन इंच भरलीय," मी म्हटलं.

"तुमची पट्टी चुकली."

"दोन वेळा मोजलं. फीतही बदलली."

"बाय, माझ्या बापानं, त्याच्या बापानं होड्या बांधल्या. कुनी फीत लावली नाय."

ते उठून घरात गेले. रात्री जेवताना बोलले नाहीत, सकाळी न्याहारीलाही नाही. मी परतीची एसटी पकडायला निघाले तेव्हा ते मचव्याजवळ उभे होते. मला वाटलं, आता ही शेवटची फेरी. तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"जरा थांबा. ती दोरी धरा."

मी दोरीचं एक टोक धरलं. त्यांनी मात्र दोरीकडे पाहिलंच नाही. दोन्ही डोळे मिटून घेतले, दोन्ही तळवे फळ्यांवर टेकवले आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, चालायला लागले. आधी डावीकडून. मग परत फिरून उजवीकडून. मग पुन्हा डावीकडून. मध्ये थांबायचे, बोटं पसरून वीत मोजल्यासारखं करायचे, पुढे जायचे. माझी एसटी गेली. सुतार आले आणि लांबच उभे राहिले. दीड-दोन तासांनी मिस्त्री उंडीच्या मुळावर बसले.

"उजवीकडं भरली," ते म्हणाले.

मग त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. "दोन वर्षं झाली. आधी धुकं होतं, आता नुसता उजेड दिसतो. कोनाला बोललो नाय."

"घरी?"

"घरी कळलं असंल. बोललो नाय."

मी विचारलं, का नाही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की प्रश्न मूर्खपणाचा आहे हे मला लगेच कळलं. ज्याचं सगळं काम डोळ्यावर, त्याचा डोळा गेला हे गावात कळल्यावर त्याला होडी कोण देईल? तशीही शिडाची होडी कुणी मागत नव्हतं. सगळे फायबरच्या घेत होते. दहा-बारा वर्षांनी हे एक काम आलं होतं.

"कप्तानांना मी सांगतो," ते म्हणाले. "तुमी नका सांगू."

*

कप्तान दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आले. मी मुद्दाम थांबले होते. मिस्त्रींनी उभ्यानंच सगळं सांगितलं, डोळ्याचंही. कप्तान मचव्याभोवती एक फेरी मारून आले.

"बुडेल का?"

"बुडनार नाय. लाकडात खोट नाय, जोडात नाय. पन तोंड डावीकडं ओढील. आणि उजवं अंग वर उचललं जाईल, म्हनून तळाला वजनाची दगडं उजवीकडं जास्ती भरावी लागतील."

"उकलून पुन्हा बांधायची तर?"

"तीन म्हयने."

तीन महिने म्हणजे वारा गेला. वारा गेला म्हणजे एक वर्ष गेलं. कप्तान माझ्याकडे वळले. "तुमचं काय मत?"

मी सांगितलं, मला पंपातलं कळतं, होडीतलं कळत नाही. हे उत्तर खरं होतं आणि सोयीचंही होतं.

कप्तानांनी मचव्याच्या फळीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आहे तशीच नेऊ. पण पुढचं काम डोळ्याचं ऑपरेशन झाल्याशिवाय नाही."

"डोळा कुटं करनार?"

"पुण्याला."

अशा रीतीनं मिस्त्री आणि त्यांची बायको आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये नऊ दिवस राहायला आले. कप्तान आपल्या घरी नेणार होते, पण मिस्त्री म्हणाले, बायच्या घरी जातो. नवऱ्याला मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "माझं टेबल होडीनं घेतलंच आहे. आता होडीवाल्यांनी खोली घेतली तर हरकत काय?" आणि स्वतः बाजारात जाऊन नवी उशी घेऊन आले.

मोतीबिंदू फार पिकलेला होता. डॉक्टरांनी इतके दिवस काय केलं म्हणून रागावून घेतलं. शस्त्रक्रिया अर्ध्या तासात झाली. पट्टी होती ते दोन दिवस मिस्त्री आमच्या बाल्कनीत बसून होते. समोर दुसऱ्या सोसायटीची भिंत, तिच्यावर पाण्याचे पाइप. ते नवऱ्याला विचारायचे, आता कसला आवाज झाला, वारा कुठून येतोय. नवरा आधी तुटक उत्तरं द्यायचे. दुसऱ्या संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर लाकडाला किडा का लागतो आणि खाऱ्या पाण्यात का लागत नाही यावर दोघांचा वाद चालला होता, आणि वर्गात शिकवताना करायचे तसे नवरा बोटानं हवेत काहीतरी लिहीत होते. आपण मिस्त्रींच्या पट्टीच्या बाजूला बसलोय हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"खाऱ्या पान्यातबी लागतो सर," मिस्त्री म्हणत होते. "तुमी पुस्तकात बघा, मी लाकडात बघितलाय."

स्वयंपाकघरात मिस्त्रींची बायको माझ्या आमटीत थोडं खोबरं वाटून घालत होती. ती मला हळूच म्हणाली, "दोन वर्षं त्यांच्या कपात मीच चाय ओतते. कुनी असलं की मग सोताच ओतायला जातात."

पट्टी निघाली त्या दिवशी ते घरभर फिरले. कपाटाच्या दाराला हात लावला, खिडकीची चौकट एक डोळा मिटून पाहिली, मग दुसरा मिटून पाहिली. बाथरूमच्या दाराशी थांबले.

"सर, हे वाकडं बसवलंय."

"बावीस वर्षं मी हेच सांगतोय," नवरा म्हणाले. "कुणी ऐकत नव्हतं."

त्याच संध्याकाळी त्यांनी ड्रॉइंग मागितलं. तोवर त्यांनी ते एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मी टेबलावर कागद पसरला आणि दिवा जवळ घेतला. समोरून दिसणारी होडी, मध्ये उभी रेषा, डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी. ते बोटानं रेषांवरून गेले. समजावून सांगावं लागलं नाही. उजव्या बाजूवर बोट आलं तेव्हा हळू झालं.

मी त्यांना मनातली एक गोष्ट सांगितली. परवानगीच्या कार्यालयातून आदल्याच आठवड्यात पत्र आलं होतं, की रीतीप्रमाणे अर्ध्याच होडीचं ड्रॉइंग द्यावं. म्हणजे मी नुसती डावी बाजू काढून पाठवली असती तर काम झालं असतं. उजव्या बाजूचं कधी कुणाला कळलं नसतं.

"डावीच पाठवू?" मी विचारलं. "कप्तान म्हणतात, तुम्ही म्हणाल तसं."

ते खुर्चीत मागे टेकले. नवा डोळा अजून लाल होता आणि त्यातून पाणी येत होतं.

"हे कागद किती दिस ऱ्हातात?"

"नीट ठेवले तर पुष्कळ. आपल्यानंतरही."

"मग जशी हाय तशी पाठवा. दोनी बाजू. आणि खाली लिवा, पुढं कोनी बघून बांधली तर उजवी बाजू घेऊ नये."

मी ते तसंच लिहिलं, माझ्या सुवाच्य अक्षरात, नोंदींच्या चौकटीत. सोबत मिस्त्रींनी ठरवून दिलेली दगडांची मांडणी जोडली. कार्यालयातून एक अधिकारी खाडीवर आले, मचवा पाण्यात घालून, एका बाजूला माणसं उभी करून तपासणी केली आणि किनाऱ्यापासून किती लांब, कोणत्या महिन्यांत जायचं यावर अटी घालून परवानगी दिली. नोंदीबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

*

मचवा निघाला तेव्हा आम्ही दोघंही गेलो होतो. नवऱ्यानं समुद्राकडे पाहून "बराच आहे" एवढंच म्हटलं. मचव्यावर कप्तान, एक तांडेल म्हणजे होडीचा अनुभवी चालक, आणि गावातले चार कोळी. मिस्त्रींनी जाण्याआधी पुन्हा एकदा डोळे मिटून दोन्ही तळवे फळ्यांवरून फिरवले. आता डोळ्यानं दिसत होतं, तरी त्यांनी हातच लावून पाहिलं. मग ते बाजूला झाले आणि शीड भरेपर्यंत थांबले नाहीत, घरी निघून गेले.

पुण्यात रोज सकाळी मला फोन यायचा. मचव्यावर एक उपग्रहाचा फोन होता, कप्तान दिवसातून एकदा घरी निरोप द्यायचे आणि त्यांची बायको मला कळवायची. पहिले चार दिवस ठीक. पाचव्या दिवशी शिडाचा आडवा बांबू मोडला, तो त्यांनी दोरानं बांधून घेतला. दहाव्या दिवसानंतर निरोप आला नाही. अकराव्याला नाही, बाराव्यालाही नाही.

बाराव्या दिवशी दुपारी कप्तानांचे थोरले भाऊ आमच्याकडे आले. मी त्यांना एकदाच, निघतानाच्या कार्यक्रमात, पाहिलं होतं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात दोन मोबाइल. ते सोफ्याच्या काठावर बसले.

"ताई, तुमी त्या होडीचा कागद केला म्हणं."

"हो."

"मला दाखवा."

मी कागद आणला. बांधकामाचे नकाशे रोज बघणारा माणूस, त्यामुळे रेषा त्यांना परक्या नव्हत्या. ते टेबलावर वाकले.

"मी शिकल्याला न्हाई," ते म्हणाले, "पण इमारतीचा कागद बघून सांगतो, पडंल का ऱ्हाईल. तुमी हा बघून सांगा."

"कागदावरून तेवढं नाही सांगता येत."

"मग काय सांगता येतंय?"

त्यांचं बोट तोवर उजव्या बाजूपाशी पोचलं होतं. त्यांनी मधल्या रेषेपासून एका बाजूला बोटांनी माप घेतलं, मग दुसऱ्या बाजूला. मग खालची नोंद वाचली. ओठ हलवत, शब्द शब्द करून वाचली.

"हे काय हाय?"

मी सगळं सांगितलं. डोळा, सव्वादोन इंच, दगडं, कप्तानांचा निर्णय. मला वाटलं होतं की कप्तानांनी घरी सांगितलं असेल. सांगितलं नव्हतं.

"तुमाला म्हाईत हुतं?"

"हो."

"आन तुमी जाऊ दिलं."

मी त्यांना म्हणू शकले असते की निर्णय माझा नव्हता, सरकारी तपासणी झाली होती. ते सगळं खरं होतं. मी कागदाची गुंडाळी करायला घेतली. नवरा आतून पाणी घेऊन आले होते, ते पेला धरून तसेच उभे राहिले.

"धाकटा हाय तो माजा," ते म्हणाले. "आई गेली तवा धा वर्साचा हुता. मी वाढीवलाय त्याला." एवढं बोलून ते उठले. पाणी तसंच राहिलं. जिन्यात त्यांचा एक मोबाइल वाजत होता, तो त्यांनी उचलला नाही.

ती रात्र आणि त्यापुढचा दिवस मी काय केलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी पहिल्या फेरीपासूनचे सगळे आकडे वहीतून पुन्हा कागदाशी ताडून पाहिले. सगळे बरोबर होते. त्याचा काही उपयोग नव्हता.

चौदाव्या दिवशी सकाळी निरोप आला. लाटेचं पाणी आत येऊन फोनची बॅटरी भिजली होती, वाळवून सुरू करायला तीन दिवस लागले. माणसं ठीक, होडी ठीक. कप्तानांच्या बायकोनं हे सांगितलं आणि फोन ठेवला. मी फोन कानाला धरून उभी राहिले. नंतर मिस्त्रींना कळवलं. ते "बरं" म्हणाले. त्यांनी त्या तीन दिवसांत एकदाही फोन करून विचारलं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी मचवा मस्कतला पोचला.

थोरले भाऊ त्याच संध्याकाळी आले. दारातूनच त्यांनी पेढ्यांचा पुडा नवऱ्याच्या हातात दिला. मागच्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. फक्त जाताना म्हणाले, "ताई, पुढच्या बारीला आसं काय आसलं तर आदी मला फोन करायचा." पुढची बारी काही नव्हती. मी हो म्हटलं.

*

मचवा तिथल्या एका संग्रहालयानं ठेवून घेतला. कप्तान विमानानं परत आले, सात किलो घटलेले, चेहऱ्याचं कातडं सोललेलं. आठवडाभरानं ते आणि मी मिस्त्रींना भेटायला गेलो.

मिस्त्री एका लहान होडीची फळी तासत होते. त्यांनी हात धुतले आणि आम्ही ओट्यावर बसलो. कप्तान सांगत होते, कुठे वारा पडला, कुठे देवमासा दिसला, मस्कतच्या धक्क्यावर किती लोक जमले होते. मिस्त्री ऐकत होते, पण त्यांनी विचारलं वेगळंच.

"पानी कुटनं आलं?"

"वरून. लाटेचं. फळ्यांतून नाही."

"तोंड डावीकडं ओढलं?"

"सारखं. सुकाणूवर बसणाऱ्याचे खांदे गेले. तांडेल रोज तुमच्या नावानं ओरडायचा."

"ओरडंल," मिस्त्री म्हणाले. "बांबू कुटं मोडला? गाठीवर का मदी?"

"गाठीवर."

"तो मी निवडला व्हता. तवा डोळा बरा झालेला व्हता. म्हंजी चूक माझीच."

कप्तान म्हणाले, तिकीट काढतो, मस्कतला चला, तुमची होडी मोठ्या दालनात ठेवलीय, लोक बघायला येतात. मिस्त्रींनी नकाराची मान हलवली. त्यांनी बांधलेल्या कुठल्याच होडीच्या मागे ते कधी गेले नव्हते. मी म्हटलं, माझ्या ड्रॉइंगची प्रतही तिथे भिंतीवर लावलीय.

"खालचं लिवलेलं दिसतं?"

"दिसतं. त्यांनी त्यांच्या भाषेतही लिहिलंय."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. ते खूश झाले की नाही, मला सांगता येणार नाही. तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं कप्तानांना विचारलं, तिकडची माणसं मासळी कशी करतात. कप्तान म्हणाले, भातात घालून, वर सुकं लिंबू टाकून. सुकं लिंबू कसं असतं, ते आंबट राहतं का, इथे उन्हात केलं तर होईल का, असं ती बराच वेळ विचारत राहिली. कप्तानांनी खिशातून एक पुडी काढली, तिच्यात काळी पडलेली सात-आठ लिंबं होती. मिस्त्रींनी त्यातलं एक घेतलं, कानाशी नेऊन हलवून पाहिलं आणि बायकोच्या हातात दिलं. आम्ही चारच्या एसटीनं परत निघालो.